हरकत नाही

आण्णा नगरपालिकेत सभा लिपिक होते. गाव लहान, नगरपालिका ‘क’ वर्गातली. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका काढायची, शिपायाकरवी ती प्रत्येक नगरसेवकाच्या घरी पोचवून सही आणायची, सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून टिपणं घ्यायची आणि मग आठवडाभर जाड पुठ्ठ्याच्या इतिवृत्त पुस्तकात सगळं वळणदार अक्षरात उतरवायचं, हे त्यांचं काम. शाळा सुटली की मी कचेरीत जाऊन त्यांच्या शेजारी बसायचे. समासात विषय क्रमांक, मग ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. पहिला विषय प्रत्येक सभेला तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

त्या पुस्तकात एक वाक्य पानोपानी भेटायचं. ‘सदर कामी नगरपरिषदेची हरकत नाही.’ कुणाला मंडप घालायचा असो, कुणाला रस्ता खणून नळजोड घ्यायचा असो, वाक्य एकच. एकदा मी विचारलं, ‘आण्णा, हरकत नाही म्हणजे हो का?’ त्यांनी टाक पुसला, थोडं थांबले. म्हणाले, ‘नाही. हो म्हणणारा हातभार लावतो. हरकत नाही म्हणणारा नुसता बाजूला सरतो.’

हे मी विसरूनही गेले असते. पण पुढे कॉलेजात असताना महाडच्या चवदार तळ्याविषयी वाचत होते आणि १९२४ सालच्या महाड नगरपालिकेच्या ठरावाशी येऊन थबकले. तळ्याचं पाणी अस्पृश्यांनी घ्यायला नगरपालिकेची हरकत नाही, अशा अर्थाचा तो ठराव. तोच शब्द. आण्णांच्या पुस्तकातला. मंडपाला आणि नळजोडाला लागणारा शब्द तिथे माणसांना पाणी पिऊ देण्यासाठी वापरलेला होता. त्या दिवसापासून त्या ठरावाच्या काळातल्या नगराध्यक्षाचा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. चवदार तळ्याच्या गोष्टीत त्यांचं नाव येतं ते एका ओळीत, ‘महाडचे नगराध्यक्ष’ एवढ्याच ओळखीनं. त्यात चूक काही नाही. तो सत्याग्रह बाबासाहेबांचा होता, रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या दासगावच्या तरुणाचा होता, कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून पायी चालत आलेल्या हजारो बायाबापड्यांचा होता. त्या लढ्याचं मोठेपण वरच्या जातीतल्या एखाद्या सहृदय माणसाला वाटून देण्याचा माझा अजिबात मानस नाही. मला कुतूहल आहे ते त्या खुर्चीचं. गावच्या पहिल्या नागरिकाच्या खुर्चीवर बसून माणसाला नेमकं काय करता येतं, आणि किती.

ठरावामागची हकिकत अशी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो होता. पुढच्याच महिन्यात सरकारनं अंमलबजावणीचं पत्रक काढलं. पत्रकं कशी वाचली जातात ते मला लहानपणापासून माहीत आहे. आवक बारनिशीत नोंद होते, शेरा पडतो, फाईल होते. अशा किती फायली तेव्हा किती कचेऱ्यांत पडून राहिल्या असतील! १९२६ साली बोल्यांना पुन्हा उभं राहावं लागलं, आणि ज्या नगरपालिका व लोकल बोर्डं हे पाळत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा, असं सांगावं लागलं, यावरूनच काय ते समजावं.

महाडनं मात्र जानेवारी १९२४ मध्येच, टिपणीस नगराध्यक्ष असताना, ठराव केला. इतक्या लवकर ठराव करणं ही त्या काळच्या कोकणात साधी गोष्ट नव्हती. तळं नगरपालिकेचं, पण तळ्याच्या चारी बाजूंना घरं सवर्णांची. सभेत हात वर करणारा प्रत्येक जण संध्याकाळी त्याच घरांसमोरून चालत जाणार होता.

इथे मला जोतीराव फुले आठवतात. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद त्यांचा, निर्णय त्यांचा, आणि त्यापायी जे सोसायचं तेही त्यांनी आणि सावित्रीबाईंनीच सोसलं. पुढे तेच जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते, त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरत होतं. बत्तीस सदस्यांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला आणि खर्च मंजूर झाला. घरचा हौद उघडायला एक मन पुरतं. गावचं तळं उघडायला बहुमत लागतं, सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि एवढं सगळं जमलं तरी गाव लागतं.

महाडात गाव आलं नाही. ठराव झाला, पुस्तकात लिहिला गेला, कायम झाला. पण सवर्णांचा विरोध होता, आणि तळ्याकडे कुणी फिरकू शकलं नाही. तीन वर्षं. या तीन वर्षांविषयी मी फार विचार करते. शब्दाला मान देऊन सांगायचं तर नगरपालिका खोटं काही बोलली नव्हती. तिची खरोखरच हरकत नव्हती. हरकत घेणारे दुसरे होते, आणि त्यांच्यापुढे ठरावाचा कागद हातात धरून एकट्यानं उतरायचं काम ज्यांना पाणी हवं होतं त्यांच्यावर सोडलेलं होतं.

बहुतेक लोकप्रतिनिधींची गोष्ट इथे संपते. आम्ही ठराव केला, आमच्या परीनं झालं ते केलं, आता लोकांनी बघावं. असं म्हणायला टिपणिसांना पूर्ण मुभा होती आणि कुणी त्यांना दोषही दिला नसता. पण १९२७ साली महाडात बहिष्कृतांची परिषद घ्यायचं ठरलं तेव्हा तिला पाठबळ देणाऱ्यांत ते होते. अनंत विनायक चित्रे होते, सोशल सर्व्हिस लीगचे सहस्रबुद्धे होते, आणि हे गावचे टिपणीस. परिषद महाडात झाली याचं एक मोठं कारण हेच, की या गावात साथ देणारे थोडेतरी सवर्ण उभे होते. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी ‘हरकत नाही’ लिहून घेतलं, ते आता ‘या’ म्हणत होते. माझ्या लेखी टिपणिसांचं सगळं नगराध्यक्षपद या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

१९ आणि २० मार्च १९२७. परिषदेच्या दिवसांत एवढ्या माणसांना प्यायला पाणी कुठून आणायचं, तर चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं होतं. ही चाळीस रुपयांची नोंद मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलकी वाटते. हाकेच्या अंतरावर नगरपालिकेचं भरलेलं तळं, त्यावर तीन वर्षांपूर्वीचा मंजूर ठराव, आणि मंडपात विकतचं पाणी. दुसऱ्या दिवशी चित्र्यांनी सूचना मांडली की आपण सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ या. लोक उठले, रांगेनं निघाले, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि मग सगळ्यांनी घेतलं. तीन वर्षं पुस्तकात पडून असलेल्या ठरावाची त्या दुपारी अंमलबजावणी झाली, आणि ती लोकांनी स्वतः केली.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली, परतीच्या वाटेवरच्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी मारलं, मंडपातलं अन्न मातीत मिसळलं. मग पंचगव्य कालवलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेनं १९२४चा आपला ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

ठराव रद्द होतो तेव्हा पुस्तकात काय दिसतं, ते मी पाहिलेलं आहे. जुनं पान फाडत नाहीत. त्यावर काट मारत नाहीत. ते तसंच राहतं, आणि कितीतरी पानांनंतर नवा ठराव येतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा ठराव या ठरावान्वये रद्द करण्यात येत आहे. दोन्ही पानं त्याच पुस्तकात, बऱ्याचदा त्याच कारकुनाच्या अक्षरात. महाडच्या त्या लिपिकाचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. त्यानं ती दुसरी नोंद लिहिताना मागची पानं उलटून पाहिली असतील का? क्रमांक बघायला तरी उलटावीच लागली असणार.

नगराध्यक्षाच्या हातात मुळात असतं किती? आजही लोकांना वाटतं की गाव त्याच्या मुठीत असतं. १९६५च्या आपल्या नगरपरिषद कायद्यात सभेचं अध्यक्षपद त्याचं, पण कचेरी चालवतो मुख्याधिकारी, आणि तो सरकारचा माणूस. सभेनं केलेला ठराव जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली तहकूब करू शकतात. नगराध्यक्ष निवडायचा कुणी, हेही सरकार बदललं की बदलतं: २०१६ साली थेट जनतेनं, २०२० साली नगरसेवकांनी, २०२२ साली पुन्हा थेट जनतेनं. मधे काही वर्षं तर कितीतरी गावांना नगराध्यक्षच नव्हता, प्रशासकच सगळं बघत होते. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरपालिकांसाठी लिहून ठेवले, त्यांत पाणी आहे, रस्ते आहेत, स्मशानंही आहेत. पैसा मात्र वरूनच यायचा. म्हणून मला वाटतं, कायद्यानं या पदाला दिलेलं सगळ्यात मोठं सामर्थ्य एकच, की ते पद गावात राहतं. मंत्री भाषण करून जातो. नगराध्यक्षाला सकाळी उठून दूध आणायला त्याच गल्लीतून जावं लागतं.

हे मी जवळून पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात आमच्या गावचं नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव झालं आणि एक निवृत्त शिक्षिका त्या खुर्चीवर आल्या. सगळे त्यांना बाईच म्हणत, नगराध्यक्षा झाल्यावरही. ओढ्यापलीकडच्या वस्तीला नळ नव्हते. बाईंच्या दुसऱ्याच सभेत पाइपलाइनचा ठराव झाला, सर्वानुमते. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असं करत करत दीड वर्ष गेलं. पाइप पडले, नळ बसले, छोटासा कार्यक्रमही झाला. आणि पाणी काही येईना. वरच्या आळीतली घरं नळाला मोटारी लावून पाणी खेचत होती, ओढ्यापलीकडे नुसती हवा पोचत होती. कचेरीच्या दप्तरी काम पूर्ण झालेलं होतं. पूर्णत्वाचा दाखलाही होता.

एका एप्रिलच्या पहाटे पाचला बाई आमच्या दाराशी आल्या. ‘आण्णा, चला. वही घ्या बरोबर.’ मीही मागे लागले. व्हॉल्व्हमन पुढे, त्याच्या खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, मागे बाई, आण्णा आणि मी. बाई वरच्या आळीत दारोदार गेल्या. ती आळी त्यांच्या माहेरच्या माणसांची, त्यांच्या मतांची. कुणाला दादा म्हणाल्या, कुणाला वहिनी. ‘मोटार काढा. मी इथेच उभी आहे.’ एका घरात त्यांच्याच चुलतभावानं दार लावून घेतलं. बाई पायरीवर बसल्या. शेवटी आतून मोटारीचा आवाज बंद झाला. आण्णांनी वहीत घर क्रमांक आणि वेळ लिहिली.

मग आम्ही ओढा उतरून वस्तीच्या अगदी टोकाच्या नळाशी गेलो. तिथे आठदहा बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, पण नळापासून लांब. दीड वर्षात त्यांनी इतकं काही ऐकलं होतं की आता पुढे यायचीही त्यांना इच्छा नव्हती. बाई नळाशेजारच्या दगडावर पदर सावरून बसल्या आणि तोटी उघडली. आधी नुसती सूं सूं हवा. मग दोन-तीन उचक्या. मग गढूळ तांबडं पाणी, गंजाचं, आणि बऱ्याच वेळानं ते निवळत निवळत स्वच्छ झालं. बाईंनी ओंजळ धरली, वास घेतला आणि प्यायल्या. कुणी काही बोललं नाही. एका मुलीनं पुढे होऊन हंडा लावला.

त्या महिन्यात बाई रोज पहाटे त्या दगडावर येऊन बसत. पुढच्या निवडणुकीला वरच्या आळीनं त्यांना पाडलं. आण्णांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात रागही नव्हता आणि आश्चर्यही. एवढंच म्हणाले की मोटारी पुन्हा लागल्या नाहीत, कारण आता त्या वस्तीतल्या बायका स्वतःच पहाटे वरच्या आळीत चक्कर मारतात.

टिपणिसांचं तसंच झालं का, या दोघांना एका मापानं मोजावं का, असं कुणी विचारेल. मी मोजत नाही. महाडला जे घडलं त्याची उंची वेगळी आहे. पण ठराव झाल्यानंतरच्या रिकाम्या जागेत जाऊन बसणारी माणसं मला एकाच घराण्यातली वाटतात. टिपणीस पुढे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ साली कुलाब्यातून मुंबईच्या विधानसभेवर निवडून गेले. म्हणजे महाडात त्यांनी धरलेली बाजू दोन दिवसांच्या परिषदेपुरती नव्हती.

त्याच १९३७ साली तळ्याचाही निकाल लागला. सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात दावा लावला होता, दोन दिवसांत तात्पुरती मनाई मिळवली होती. तिच्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत लोक तळ्यावर उतरले नाहीत. २५ डिसेंबरला, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिलेल्या जागेवर, सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. दावा महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल झाला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती तेच, यांनी सवर्णांचा पुरातन वहिवाटीचा दावा सिद्ध होत नाही असं ठरवलं. ओंजळीतल्या त्या पाण्याला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं, म्हणजे सगळ्यांचं, हे १९२४च्या ठरावात गृहीत धरलेलं होतं. ते कायद्याच्या भाषेत वदवून घ्यायला माणसांना लाठ्या खाव्या लागल्या आणि नऊ वर्षांहून जास्त काळ कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आण्णा गेल्यानंतरच्या वर्षी २० मार्चला मी महाडला गेले. गर्दीचा अंदाज होता, पण एवढी असेल असं वाटलं नव्हतं. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे ढीग मांडून बसलेले विक्रेते, पुतळ्यापुढे लांबच लांब रांग. बायका हातात पोरं घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरत होत्या, पोरांच्या ओठांना पाणी लावत होत्या. कुणी बाटल्या भरून घेत होतं, घरी राहिलेल्यांसाठी. मी वरच्या पायरीवर बराच वेळ उभी होते. मी ज्या जातीत जन्मले त्या जातीच्या माणसांची घरं या तळ्याभोवती होती, आणि त्यांतल्या किती दारांना आतून कड्या लागल्या असतील, ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. खाली उतरायला पाय उचलत नव्हता.

शेवटच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. प्लास्टिकची बाटली बुडबुड आवाज करत भरत होती. बाटलीला बूच लावून तिनं वर पाहिलं, मला उभी पाहिलं, आणि अंग चोरून बाजूला सरकली. ‘या ना बाई,’ म्हणाली, ‘इकडून या. तिकडं शेवाळ हाय, पाय घसरंल.’ आणि हात पुढे केला.